फोटो नंबर एक

काकूंनी बॅग भरली, पाण्याची बाटली घेतली, चपला पायात सरकवल्या आणि दारातून परत आत येऊन चौथ्यांदा विचारलं, "मशीन किती सेकंद दाबायचं?"

"पंधरा," फाइलकाका म्हणाले.

"आणि कागद?"

"गार झाल्यावर सोलायचा. गरम असताना सोलला तर बाळाचं नाक कागदाबरोबर निघून येतं. अगं, पाठ झालंय मला! जा तू आता. बस चुकेल."

"फोटो कुठला?"

"नंबर एक."

"नीट हं. तीन आठवडे त्या दुपट्यावर घालवलेत मी. आता शर्टांनी घाण केली तर..." पुढे काय होईल ते काकूंनी सांगितलं नाही. चौतीस वर्षांच्या संसारानंतर ते सांगावं लागत नाही. त्या गेल्या. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. शुक्रवारी जाऊन रविवारी संध्याकाळी परत यायचं होतं, आणि तोवर घरच्या धंद्याच्या चाव्या इतिहासात पहिल्यांदाच फाइलकाकांच्या हातात आल्या होत्या.

धंदा काकूंचा होता, त्यात वाद नव्हता. लोकरीचे बूट, कापडी ससे, कडेला नाजूक टाके घातलेली दुपटी असं तान्ह्या बाळांसाठी लागणारं सगळं त्या घरी बनवायच्या. मग लेकीनं त्यांना शर्टावर फोटो छापायचं मशीन घेऊन दिलं. दिसायला ते मोठ्या सँडविच टोस्टरसारखं होतं. शर्ट खाली पसरायचा, फोटो छापलेला कागद त्यावर पालथा घालायचा, वरचं तापलेलं झाकण दाबायचं, झालं. मशीन जेवणाच्या टेबलावर बसलं आणि नवरा-बायको स्वयंपाकघरातल्या स्टुलांवर ताट मांडीवर घेऊन जेवायला लागले. काकांची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती, की त्यांना त्या टेबलाजवळ बसू दिलं जात नव्हतं.

फाइलकाका एका मोठ्या कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले होते. इतक्या वर्षांत एकही फाइल हरवली नव्हती, त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. निवृत्तीनंतर पहिला महिना त्यांनी झोप काढण्यात घालवला, दुसऱ्यात घरातली सगळी कपाटं लावली, आणि तिसऱ्या महिन्यापासून ते बायकोच्या कामाभोवती घुटमळायला लागले. "मी काही करू का?" असं दिवसातून दहादा विचारायचे. काकू म्हणायच्या, "घड्या घाला." काकांनी दोन वर्षं घड्या घातल्या. घड्या उत्तम असायच्या, कडेला कड, सुरकुती नाही. पण माणूस घड्यांवर किती दिवस जगणार? त्यांना मशीनचं हँडल हवं होतं. आपल्या हातून काहीतरी बनावं, आणि बायकोनं कुणाला तरी "आम्ही दोघं मिळून करतो" असं सांगावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती, कारण असल्या गोष्टी त्यांना बोलता यायच्या नाहीत.

आता ही संधी आली होती आणि ऑर्डरही मोठी होती. शाळेतून निवृत्त झालेल्या एक हेडबाई नुकत्याच आजी झाल्या होत्या. रविवारी त्यांच्याकडे बाळाला बघायला दोन्हीकडची मंडळी जमणार होती. त्या सगळ्यांसाठी अकरा शर्ट हवे होते. छातीवर बाळाचा गोल फोटो आणि खाली ज्याचं त्याचं नातं छापायचं होतं, बाळाची आजी, बाळाचे आजोबा, बाळाचा मामा, बाळाची आत्या. शिवाय खुद्द बाळाचं दुपटं काकूंनी आधीच पोचवलं होतं, आता राहिलं होतं एक झबलं. त्यावरही तोच फोटो आणि खाली दोनच शब्द: 'मीच तो!'

काकू गेल्यावर फाइलकाकांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि कॉम्प्युटर उघडला. उघडताच त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं. काकूंच्या फोटोंना नंबर म्हणून नव्हताच. नवा आलेला फोटो सगळ्यात वर दिसायचा, आणि वरून मोजत त्या म्हणायच्या, हा एक, हा दोन. उद्या आणखी एक फोटो आला की कालचा एक आपोआप दोन व्हायचा.

"हे काय रेकॉर्ड आहे?" काका रिकाम्या खोलीला म्हणाले. "रोज नंबर बदलतो? उद्या मला कुणी सांगेल, आज तुम्ही तुमचे धाकटे भाऊ!"

तेव्हा त्यांच्या मनात आलं, की छपाई तर करायचीच, पण बायको परत आल्यावर तिला हे सगळं दप्तर शिस्तीत लावून दाखवायचं. चांगलं सरप्राइज होईल. शुक्रवारचा अख्खा दिवस त्यांनी त्यात घातला. नवीन रजिस्टर आणलं, पट्टीनं रेघा आखल्या. रेकॉर्ड रूमचा नियम साधा होता: सगळ्यात जुना कागद तो नंबर एक. त्रेचाळीस फोटो होते. काकूंच्या यादीत सगळ्यात तळाला 'जुना फोटो, रंगवून पाहिला' असं नाव होतं. त्याला काकांनी नंबर एक दिला आणि तिथून क्रमानं वर चढत गेले. हेडबाईंच्या नातवाचा फोटो सगळ्यात नवा असल्यानं तो त्रेचाळिसावा झाला.

तेव्हा तो फोटो जरी त्यांनी उघडून पाहिला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण दप्तर सांभाळणाऱ्यानं फाइल उघडून वाचायची नसते, फक्त जागेवर ठेवायची असते, हे त्यांचं तत्त्व होतं. साहेब लोकांनी त्यासाठी त्यांची पाठ थोपटली होती. तत्त्व पाळायला त्यांना कधीच जड गेलं नाही, त्या दिवशी तर मुळीच नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी काकूंच्या हातची चिठ्ठी समोर ठेवली. 'फोटो नं. १, अकरा शर्ट, एक झबलं.' ज्यानं नंबर बदललेले असतात त्याला ते बदलल्याचं लक्षात राहील अशी आपली समजूत असते, पण फाइलकाकांच्या लेखी आता नंबर एक म्हणजे नंबर एक, दुनियेच्या आरंभापासून तोच. त्यांनी नंबर एक उघडला.

डोक्यावर पांढरं टोपडं घातलेलं एक बाळ मान उचलून त्यांच्याकडे बघून हसत होतं. गुलाबी गाल, भव्य कपाळ आणि टोपड्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले कान.

"वा!" काका म्हणाले. चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला, पण बाळं सगळी अशीच दिसतात. "काय डोळे आहेत! हुशार निघणार बेटा. नाव काढणार."

फोन वाजला. काकू होत्या. "उघडला का फोटो?"

"उघडला. काय गोड मुलगा आहे गं!"

"नंबर एकच ना?"

"एकच."

"हसतोय ना त्यात? एक हसरा पाठवला होता त्यांनी आणि एक रडका."

"छान हसतोय."

"टोपडं आहे डोक्यावर?"

"आहे, पांढरं. तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे, म्हणून तर मशीन तुमच्या हातात देऊन आले," काकू म्हणाल्या. हे ऐकून काका इतके हरखले, की त्यांनी फोन ठेवला तो उलटाच.

मग ते कामाला लागले. पंधरा सेकंद दाबायचं, गार करायचं, सोलायचं. कागद सुटला आणि खालून हसरा चेहरा वर आला, तेव्हा काकांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांची राखण केली होती, आज स्वतःच्या हातून काहीतरी तयार झालं होतं. बाराच्या बारा चेहरे सरळ बसले, एकाचंही नाक गेलं नाही. संध्याकाळी पाच वाजता ते स्वतः पेटी घेऊन हेडबाईंच्या दारात उभे होते. हेडबाई घरी नव्हत्या. पेटी त्यांच्या सुनेनं, म्हणजे बाळाच्या आईनं घेतली. ती झोप न झालेल्या डोळ्यांनी हसली आणि "थँक्यू काका" म्हणाली. काका शीळ घालत घरी आले.

रविवारी सकाळी चहानंतर त्यांनी कामाची नोंद करायला रजिस्टर उघडलं. नमुना म्हणून एक जास्तीचा छापलेला कागद ठेवला होता, तो डिंकानं चिकटवला आणि शेजारच्या रकान्यात तपशील लिहायला पेन टेकवलं. तिथे त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'क्रमांक १: जुना फोटो, रंगवून पाहिला.'

काका ते दोनदा वाचून सावकाश कॉम्प्युटरकडे गेले आणि त्रेचाळीस नंबर उघडला. त्यात एक दुसरंच बाळ होतं. वाटोळं, टकलं, टोपडं एका डोळ्यावर घसरलेलं, कान डोक्याला चिकटलेले, आणि तोंडाचं बोळकं पसरून हसणारं.

"मग हा कोण?" त्यांनी रजिस्टरातल्या बाळाला विचारलं.

'जुना' म्हटलं होतं, म्हणून ते माळ्यावरच्या ट्रंकेकडे गेले. ट्रंकेतून अल्बम काढला. तिसऱ्या पानावर, चारी कोपऱ्यांत त्रिकोणी कागद लावलेला, काळा-पांढरा, स्टुडिओत काढलेला फोटो होता. तेच टोपडं, तेच कपाळ आणि तेच कान. खाली त्यांच्या आईच्या अक्षरात त्यांचंच नाव, वय महिने तीन.

काका ट्रंकेवरच बसले. रंगवायचा सराव करायला बायकोनं त्यांचा फोटो घेतला होता. आणि आता एका अनोळखी घरातली अकरा माणसं छातीवर फाइलकाकांना घेऊन फिरणार होती. आत्या, मामा, दोन आज्या, दोन आजोबा. आणि ते बाळ बिचारं फाइलकाकांच्या तोंडाखाली 'मीच तो!' अशी ग्वाही देणार होतं.

त्यांना दरदरून घाम फुटला. लोक हसतील याची भीती नव्हतीच. काकूंनी इतक्या वर्षांत जमवलेलं नाव एका दिवसात धुळीला मिळणार होतं. आणि दुसरं, जे त्यांना जास्त टोचत होतं, ते म्हणजे हँडल जाणार. पुढची वीस वर्षं घड्या.

मंडळी चार वाजता जमणार होती. घरात कोरा शर्ट एकही शिल्लक नव्हता, दुकानं बंद होती. एकच उपाय होता. चारच्या आत जाऊन पेटी परत आणायची आणि सांगायचं, की रंग कच्चा निघाला, अंगाला खाज सुटते, वाटेल ते. काकांनी तोंडावर पाणी मारलं आणि आरशात पाहिलं. आरशातले कान त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी खुंटीवरची कानटोपी काढून डोक्यात घातली आणि भर उन्हात निघाले.

पावणेतीन वाजता त्यांनी हेडबाईंची बेल वाजवली. दार उघडलं आणि समोर ते स्वतः उभे होते. म्हणजे शर्टावर. वर बाळाच्या मामाचं डोकं होतं.

"या काका!" मामा म्हणाला. "मला साडेचारला निघायचंय, म्हणून सगळ्यांना लवकर बोलावलं. ताई, शर्टवाले काका आले!"

खोलीत अकरा फाइलकाका होते. काही सोफ्यावर बसलेले, काही उभे, एक खुर्चीवर चढून फुगे बांधणारा, एक केक कापणारा. बाळाच्या आजोबांचं पोट मोठं असल्यानं तिथले फाइलकाका रुंद झाले होते आणि विशेष प्रेमळ दिसत होते. कोपऱ्यातल्या पाळण्यात बाराव्या फाइलकाकांच्या वर एक वाटोळं टकलं डोकं शांत झोपलं होतं. आंधळ्यालाही दिसावं इतका दोन चेहऱ्यांत फरक होता.

"ते शर्ट... जरा... मला परत..." काकांनी सुरुवात केली.

"परत कसले मागता? कौतुक ऐका आधी!" हेडबाईंनी त्यांना दंडाला धरून सोफ्यावर बसवलं. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो. "काय छपाई केलीत! बघा, हे कपाळ बघा. माझे सासरे असेच होते. हे आमच्या घराण्याचं कपाळ आहे."

"कपाळ असेल हो तुमचं," समोरून बाळाच्या दुसऱ्या आजी म्हणाल्या. त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि कुठलीही गोष्ट त्या मोजून मापून द्यायच्या. "पण कान? हे कान आमच्या वडिलांचे. शंभरात एकाला असतात असे कान."

फाइलकाकांनी कानटोपी आणखी खाली ओढली. ते कान त्यांच्या आत्याचे होते, आणि आत्यानं ते आयुष्यभर पदराखाली झाकले होते.

"कान काय कुणाचेही असतात," हेडबाई म्हणाल्या.

"कपाळही कुणालाही असतं. कपाळाशिवाय माणूस पाहिलाय का तुम्ही?"

"आणि हसू? हे हसू आमच्या मुलाचं आहे!"

"तुमचा मुलगा हसताना मी तरी अजून पाहिला नाही."

बाळाचा बाप हे ऐकून हसावं की नाही या विचारात पडला. दोन्ही आजोबा केककडे बघायला लागले. बाळाची आत्या म्हणाली, "दोन महिने झाले काका, रोज हेच चाललंय."

काका घसा खाकरून उठले. आता सांगून टाकावं, जे व्हायचं ते होऊ दे. "मला एक सांगायचंय. त्या फोटोबद्दल."

"बरं झालं!" औषधवाल्या आजी म्हणाल्या. "हे तिऱ्हाईत आहेत. ना तुमच्याकडचे ना आमच्याकडचे. यांनी बारा वेळा हा चेहरा छापलाय. काका, तुम्हीच सांगा. हा चेहरा कुणाकडचा?"

"हो, सांगा!" हेडबाई म्हणाल्या. "अगदी निःपक्षपातीपणे."

अकरा हसरे फाइलकाका तेराव्या घामाघूम फाइलकाकांकडे रोखून बघायला लागले.

"तसं बघायला गेलं तर," काका म्हणाले, "तो तिसरीकडचाही असू शकतो."

कुणालाच काही समजलं नाही. दोन्ही आज्यांच्या भुवया मात्र एकदमच वर गेल्या आणि लगेच खाली आल्या. तेवढ्यात पाळण्याजवळून फुस्सकन आवाज आला. बाळाची आई ओठ दाबून हसू आवरत होती. "काका, आत चला," ती कशीबशी म्हणाली. "चहा देते तुम्हाला. या, या."

स्वयंपाकघरात येताच तिनं दार लोटलं आणि ओट्याला टेकून पोटभर हसली. मग डोळे पुसले.

"तुम्हाला कळलं?" काकांनी विचारलं.

"काका, दोन महिने मी रात्रंदिवस त्याचंच तोंड बघतेय. काल पेटी उघडली तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? मी आत्ता सगळे शर्ट परत नेतो. बुधवारपर्यंत नवे..."

"खबरदार नेलेत तर!" ती एकदम म्हणाली. "तुम्हाला ठाऊक नाही काय चाललं होतं इथे. जो येतो तो त्याचं नाक चिमटीत धरून बघतो. कान ओढून बघतात. झोपेतून उठवून उजेडात नेऊन हनुवटी तपासतात. काल संध्याकाळपासून जो येतो तो शर्टांकडेच बघतोय आणि बाळाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आज सकाळपासून तो तीन तास झोपलाय. मीसुद्धा झोपले. काका, दोन महिन्यांत पहिल्यांदा मी झोपले हो."

तिचे डोळे आता हसण्यानं नव्हे, दुसऱ्याच कशानं तरी भरून आले होते. फाइलकाकांना गलबलून आलं. त्यांनी न विचारताच स्वतःचा चहा स्वतः गाळला आणि तिलाही एक कप दिला.

"पण आहे कुणाचा हा फोटो?" तिनं विचारलं.

काकांनी कानटोपी काढली.

ती एक क्षण बघत राहिली. मग तोंडावर हात दाबून ओट्याखाली बसली ती बराच वेळ उठलीच नाही. उठली तेव्हा म्हणाली, "गोड होतात हो तुम्ही."

ग्रुप फोटो झाला. काका आग्रहाखातर कडेला उभे राहिले, कानटोपी घालून. पाच वाजता ते घरी पोचले आणि सहा वाजता काकू आल्या.

लपवायचं त्यांच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण काकूंनी बॅग ठेवताच "काय, नीट झालं ना?" असं इतक्या विश्वासानं विचारलं, की त्यांनी रजिस्टर उघडून समोर धरलं आणि सुरुवातीपासून सगळं सांगून टाकलं. काकू उभ्या उभ्याच ऐकत होत्या.

"अकरा?" शेवटी त्या म्हणाल्या.

"आणि झबलं."

"झबल्यावरसुद्धा तुम्ही?"

"झबल्यावरसुद्धा."

काकू खुर्चीवर बसल्या. "कुणी सांगितलं होतं नंबर बदलायला? आयुष्यभर लोकांच्या फायली लावल्यात, पोट भरलं नाही का? ते दुपटं हातानं शिवलं मी, टाका न् टाका! आता लोक काय म्हणतील, दुपटं चांगलं पण शर्टावर नवऱ्याचं तोंड?"

"बाळाची आई म्हणाली, शर्ट परत नेऊ नका म्हणून..."

"तिला म्हणू दे. माझ्या घरून असा माल जात नाही. मी आत्ता फोन करून खरं सांगते, माफी मागते आणि नवे देते." त्यांनी फोन हातात घेतला. "आणि तुम्ही उद्यापासून घड्या घाला."

मान खाली घालून फाइलकाकांनी टेबलावरचा एक फडका उचलला आणि त्याचीच घडी घालायला लागले.

काकूंनी नंबर लावायच्या आतच फोन वाजला. औषधवाल्या आजी होत्या. काकूंनी स्पीकर लावला.

"एकट्याच आहात ना? बरं," पलीकडचा आवाज हळू झाला. "तो फोटो आमच्या बाळाचा नाही, बरं का."

"मी तेच सांगायला... अहो, माफ करा, आमच्याकडून..."

"छे छे, माफी कसली! मला पेटीतला शर्ट बघताक्षणी कळलं होतं. डोळे शाबूत आहेत माझे. पण विहीणबाई 'आमचं कपाळ, आमचं कपाळ' म्हणून नाचायला लागल्या, म्हटलं नाचू दे. परक्याच्या कपाळावर हक्क सांगतात! मग मीही दिले कान ठोकून. एवढी मजा मला वर्षात आली नव्हती. तेव्हा एक करा. खऱ्या फोटोचे अकरा शर्ट मला बनवून द्या, गुपचूप. वेळ आली की मी काढेन बाहेर. विहीणबाईंना मात्र पत्ता लागता कामा नये."

फोन बंद झाला. काका काहीतरी बोलणार तोच पुन्हा फोन. या वेळी स्पीकरची गरज नव्हती, हेडबाई होत्या.

"तुमच्या मिस्टरांनी कुणाचा फोटो छापला हो? नाही, रागावले नाही मी! चाळीस वर्षं हजेरी घेतलीय, मला काय तोंडं ओळखता येत नाहीत? पण विहीणबाईंनी ते कान बघून वडील आठवले म्हणून डोळ्यांना रुमाल लावला, तेव्हा मी कशी गप्प राहिले ते माझं मला माहीत! खऱ्या फोटोचे अकरा द्या. आणि हे आपल्या दोघींत."

काकूंचे खांदे हलायला लागले. काकांना वाटलं रडते की काय, म्हणून ते घाबरून जवळ गेले, तर काकू हसत होत्या. हसता हसता त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं, त्यातल्या टोपडेवाल्या बाळावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मेल्या, कान तरी झाकायचे होते!"

तिसऱ्यांदा फोन आला तो पुन्हा हेडबाईंचाच. बावीस शर्टांची बातमी त्यांना अर्थातच नव्हती. त्यांना फक्त तारीख हवी होती. "बुधवारपर्यंत जमेल का? तुम्हाला एकटीला झेपेल ना?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. ते फडक्याची सातवी घडी घालत होते.

"झेपेल हो," काकू म्हणाल्या. "एकटी कुठे? आम्ही दोघं मिळून करतो."

फाइलकाकांच्या हातून फडका सुटला. ते उगाच उठून पाणी पिऊन आले.

सोमवारी सकाळी कोरे शर्ट आले. काकूंनी टेबलाशी दुसरी खुर्ची ओढली, मशीन तापत ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा. आणि नंबर गेला चुलीत. फोटो उघडा आणि डोळे फाडून बघा."

काकांनी फोटो उघडला आणि सांगितल्याप्रमाणे बराच वेळ बघितला. मग चष्मा वर करून म्हणाले, "अगं, कपाळ मात्र हेडबाईंचंच आहे हं."

"तुम्ही शर्ट पसरा."

"नाही, खरंच. हे बघ ना. अगदी तसंच, मध्ये खळगा."

काकूंनी चिडून मान वळवली, स्क्रीनकडे पाहिलं, मग आणखी जवळ जाऊन पाहिलं. "काहीतरीच काय? कुठे खळगा? आणि हनुवटी बघा की! हनुवटी सरळ सरळ औषधवाल्यांकडची."

"हनुवटी? ही? अगं, हनुवटी तर बापाची!"

"बापाला हनुवटी आहे का मुळात?"

दोघं स्क्रीनला नाक लावून बसली. पहिला शर्ट मशीनशेजारी तसाच पडून राहिला.